गुठळी विरघळली, पण खालच्या पेशीही सुटल्या: दोष टीपीएचा की प्लाझ्मिनचा?

पेट्रीबशी (धागाकर्ता)

नाळेच्या शिरेतल्या अस्तरपेशींवर (ह्यूवेक) फायब्रिनची (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनतंतूंची) गुठळी बसवायची, ती टीपीएने (प्लाझ्मिनोजेनपासून प्लाझ्मिन हे गुठळी कापणारं एन्झाइम बनवतं ते) विरघळवायची आणि पेशींचं काय होतं ते बघायचं, असा प्रयोग आहे. मांडणी अशी:

२४ वेलची प्लेट (मसाल्याशी संबंध नाही; वेल म्हणजे प्लेटमधला खळगा). तळाला ०.२% जिलेटिन, तिसऱ्या पॅसेजच्या पेशी, दर चौरस सेंटिमीटरला ४०,०००. पेशींची चादर सलग झाल्यावर सीरम नसलेलं माध्यम. वर ३०० मायक्रोलिटरची गुठळी: फायब्रिनोजेन ३ मिग्रॅ/मिलि, थ्रॉम्बिन २ युनिट/मिलि, कॅल्शियम २.५ मिलिमोलर. ३७ अंशावर ४ तास. मग वरून ५०० मायक्रोलिटर माध्यम, त्यात अल्टेप्लेज (औषध म्हणून मिळणारं टीपीए) आणि प्लाझ्मिनोजेन. वेलमधलं एकूण प्रमाण अनुक्रमे २० आणि ५० मायक्रोग्रॅम/मिलि. अल्टेप्लेज रुग्णालयात वापरतात त्याच कुपीतलं.

दिसतं ते असं. नुसत्या गुठळीखाली पेशी लांबट होतात, मधे फटी पडतात. टीपीए घातलेल्या वेलमध्ये साधारण २ तासांत गुठळी जाते, पण ४ तासांनी चादरीचा तिसरा हिस्सा तरंगत असतो आणि एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) वाढलेलं असतं. गुठळी नसताना नुसतं टीपीए घातलं, तर काहीच होत नाही.

प्रश्न: (१) ही टीपीएची विषबाधा म्हणायची का? (२) कोणते कंट्रोल कमी पडताहेत? (३) रुग्णाला देतात त्या मात्रेशी २० मायक्रोग्रॅमचा मेळ बसतो का?

फायब्रिनकर

(१) चं उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. नुसत्या टीपीएने काही होत नसेल तर संशय प्लाझ्मिनवर जातो. पण तिथे पोचण्याआधी दोन वळणं आहेत.

तुम्ही ज्याला गुठळी म्हणताय त्यात पेशींवर करणी करणाऱ्या तीन वेगळ्या वस्तू आहेत: थ्रॉम्बिन, फायब्रिन, आणि विरघळायला लागल्यावर प्लाझ्मिन.

थ्रॉम्बिन. २ युनिट/मिलि म्हणजे ढोबळमानाने २० नॅनोमोलर. अस्तरपेशींवरच्या पार-१ रिसेप्टरला १ नॅनोमोलरसुद्धा भरपूर होतं. रिसेप्टरचं टोक कापलं गेलं की पेशीत कॅल्शियम चढतं, रो-ए जागं होतं, मायोसिन आवळतं आणि शेजारी पेशींमधली शिवण उसवते. फटी अर्ध्या तासाच्या आसपास सगळ्यात मोठ्या असतात आणि थ्रॉम्बिन काढून घेतलं तर दोनतीन तासांत भरून येतात. गुठळीत मात्र ते निघून जात नाही. फायब्रिनला चिकटून बसलेलं थ्रॉम्बिन चालूच असतं, हेपॅरिन-अँटिथ्रॉम्बिनच्या जोडीच्या हाती ते नीट लागत नाही, आणि गुठळी विरघळताना पुन्हा मोकळं होतं. म्हणजे तुमच्या टीपीएच्या वेलमध्ये थ्रॉम्बिनचा दुसरा हप्ता मिळतो. उपाय हिरुडिन, थ्रॉम्बिनला बांधून टाकणारं. रेणू लहान आहे, जाळ्यात शिरतो आणि चिकटलेल्या थ्रॉम्बिनलाही गाठतो. १ युनिट हिरुडिन १ युनिट थ्रॉम्बिनला पुरतं. गुठळी बसल्यावर ३० मिनिटांनी ५ युनिट/मिलिच्या माध्यमाने दोनदा धुवा आणि टीपीएच्या माध्यमातही ते ठेवा.

थ्रॉम्बिन ०.५ युनिटवर आणलंत तर आणखी चांगलं. पण एक लक्षात असू द्या: कमी थ्रॉम्बिनने तंतू जाड आणि जाळं विरळ होतं, ते लवकर विरघळतं. जास्त थ्रॉम्बिनने तंतू बारीक, जाळं दाट, विरघळायला हट्टी. त्यामुळे ०.५ ची गुठळी आणि २ ची गुठळी यांच्या वेळा शेजारी ठेवून तुलना करू नका.

फायब्रिन. थ्रॉम्बिन पूर्ण बांधून टाकलं तरी फायब्रिन स्वतः गप्प बसत नाही. चादरीच्या वरच्या अंगाला फायब्रिन टेकलं की चादर विस्कटते, हे १९७९ पासून छापलेलं आहे. यामागचा एक धागा असा: थ्रॉम्बिनने फायब्रिनोजेनचा फायब्रिनोपेप्टाइड बी हा तुकडा तोडला की बीटा साखळीचा १५ ते ४२ हा तुकडा उघडा पडतो आणि तो व्हीई-कॅडहेरिनला धरतो. व्हीई-कॅडहेरिन म्हणजे दोन पेशींमधला मुख्य टाका. बाहेरचा कोणी येऊन त्याच टाक्याला लोंबकळायला लागला तर शिवण सैल होणारच. शिवाय याच संपर्काने वाइबेल-पॅलाड पिंडांमधला व्हॉन विलब्रँड घटक बाहेर टाकला जातो.

हे वेगळं काढायला बॅट्रॉक्सोबिन (सापाच्या विषातलं एन्झाइम) वापरा. ते फक्त फायब्रिनोपेप्टाइड ए तोडतं, बी नाही. जाळं बनतं, पण १५-४२ झाकलेलं राहतं आणि पार-१ लाही धक्का लागत नाही. उणीव एवढीच की त्याने फॅक्टर तेरा नीटसा जागा होत नाही. तंतूंना आडवे टाके पडत नाहीत, म्हणून गुठळी नाजूक असते आणि लवकर विरघळते.

आता प्लाझ्मिन. ५० मायक्रोग्रॅम/मिलि प्लाझ्मिनोजेन म्हणजे ०.५ मायक्रोमोलरच्या वर. शरीरात प्लाझ्मिनोजेन साधारण २ मायक्रोमोलर असतं, म्हणजे तुमच्या चौपट. पण तिथे १ मायक्रोमोलर अल्फा-२-अँटिप्लाझ्मिन पहाऱ्यावर असतं आणि सुट्या प्लाझ्मिनचं अर्धायुष्य सेकंदाच्या दहाव्या भागाइतकं असतं. फायब्रिनला चिकटलेलं प्लाझ्मिन त्यातून बराच वेळ वाचतं, म्हणूनच गुठळी विरघळते आणि बाकीचं रक्त शाबूत राहतं. तुमच्या वेलमध्ये सीरम नाही, म्हणजे पहारेकरीच नाही. गुठळी संपली की सगळं प्लाझ्मिन मोकळं, आणि तासन् तास जिवंत.

मग ते काय खातं? फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, म्हणजे पेशी ज्या चटईवर बसल्या आहेत ती. प्रो-एमएमपी-३ ला जागं करतं, ते पुढे एमएमपी-९ ला (एमएमपी म्हणजे हीच चटई कापणारी आणखी एन्झाइम). पेशींच्या पृष्ठभागावरही प्लाझ्मिनोजेन बसायच्या पुष्कळ जागा आहेत, अॅनेक्सिन ए-२ च्या आधाराने टीपीएसुद्धा तिथेच बसतं. म्हणजे कातरणारा आणि कातरलं जाणारं एकाच पाटावर.

हे तपासायला महागडं काही लागत नाही. तरंगणाऱ्या पेशी सुटल्यावर तासाभराच्या आत गोळा करा, माध्यमात लगेच २०० केआययू/मिलि अॅप्रोटिनिन (प्लाझ्मिन थांबवणारं; केआययू हे त्याचं एकक) घाला, सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी वर ५ मिनिटं फिरवा, ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) बघा आणि उरलेल्या पेशी १०% सीरमसह नव्या जिलेटिनच्या वेलमध्ये टाका. तीनचार तासांत बसून पसरल्या, तर त्या मेल्या नव्हत्या, त्यांची चटई ओढली गेली होती. चार तास तरंगू दिल्या तर हा फरक पुसला जातो, कारण आधार सुटलेली अस्तरपेशी पुढे स्वतःच मरणाच्या वाटेला लागते. मग एलडीएच वाढतं आणि आपण 'विषबाधा' लिहून मोकळे होतो.

गाळणी

फायब्रिनकरांनी जीवशास्त्र सांगितलं. मी बाटल्यांबद्दल बोलतो, कारण या प्रयोगात निम्मा गोंधळ बाटल्यांच्या लेबलावरच छापलेला असतो.

अल्टेप्लेजची ५० मिग्रॅची कुपी. त्यात ५० मिग्रॅ औषध आणि सुमारे १.७ ग्रॅम एल-आर्जिनिन असतं, फॉस्फोरिक आम्लाने पीएच ७.३ ला आणलेलं, शिवाय थोडं पॉलिसॉर्बेट ८०. वजनाने आर्जिनिन औषधाच्या चौतीसपट! ५० मिलि पाण्यात विरघळवलं की आर्जिनिन जवळपास २०० मिलिमोलर. तुम्ही २० मायक्रोग्रॅम/मिलि वापरता, म्हणजे ५० पट पातळ, म्हणजे माध्यमात ४ मिलिमोलर आर्जिनिन वरून. एम-१९९ या माध्यमात मुळात ०.३३ मिलिमोलर असतं. अस्तरपेशी आर्जिनिनपासूनच नायट्रिक ऑक्साइड बनवतात. तेव्हा 'टीपीएमुळे नायट्रिक ऑक्साइड वाढलं' असं उद्या लिहायचा मोह झाला तर आधी आर्जिनिन-फॉस्फेटचा कंट्रोल दाखवावा लागेल. टेनेक्टेप्लेजच्या (टीपीएचा थोडा बदललेला अवतार) कुपीतही आर्जिनिन आहे, ते वापरून सुटका नाही. एकतर औषध डायलिसिस करून घ्या (पण आर्जिनिन काढलं की टीपीए गढूळ होऊन खाली बसतं, म्हणून मिठाचं प्रमाण बरंच वाढवावं लागतं), नाहीतर सरळ त्याच प्रमाणात आर्जिनिन सगळ्या वेलमध्ये घाला. दुसरा मार्ग आळशी आहे आणि चांगला आहे.

फायब्रिनोजेन. भुकटीत सोडियम सायट्रेट बऱ्यापैकी असतं. सायट्रेट कॅल्शियम बांधतं आणि व्हीई-कॅडहेरिनचा टाका कॅल्शियमवर उभा आहे. कॅल्शियम पडलं की पेशी एकमेकींपासून सुटून गोल होतात, आणि आपण फायब्रिनला नावं ठेवतो. ०.९% मीठ आणि २० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४, यात रात्रभर डायलिसिस करा. फॉस्फेटचा बफर नको, नंतर कॅल्शियम घातलं की साका बसतो. विरघळवताना ३७ अंशावर न हलवता तास-दीड तास ठेवा. ढवळलंत तर वर फेसाची चिवट साय येते आणि ते प्रथिन कामातून जातं. गाळल्यावर २८० नॅनोमीटरला पुन्हा मोजा (१ मिग्रॅ/मिलिला १.५१), कारण ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीत बराच माल अडकतो. वजनावरून काढलेले ३ मिग्रॅ क्वचितच ३ असतात.

आणि मुख्य म्हणजे, साध्या फायब्रिनोजेनमध्ये प्लाझ्मिनोजेन आणि फायब्रोनेक्टिन भेसळीसारखं येतंच. प्लाझ्मिनोजेन न घातलेला तुमचा नुसत्या गुठळीचा वेल खरंच त्याविना आहे का?

उंची. २४ च्या प्लेटमधल्या वेलचं क्षेत्र १.९ चौरस सेंटिमीटर. ३०० मायक्रोलिटर गुठळी म्हणजे १.६ मिमी, वर ५०० माध्यम, एकूण ४.२ मिमी. ऑक्सिजनला वरून खालपर्यंत झिरपत यायचं असतं; नेहमीची उंची २ ते ३ मिमी. कंट्रोल वेलमध्ये ५०० च ठेवलंत तर ती तुलना गुठळी विरुद्ध गुठळी नसणं एवढीच राहत नाही, कमी ऑक्सिजन विरुद्ध जास्त ऑक्सिजन अशीही होते. कंट्रोलमध्येही ८०० भरा.

शेवटचं, आणि हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. गुठळी वरून सारखी झिजत नाही. कडेला, जिथे ती वेलच्या भिंतीला धरून असते तिथे आधी सुटते. मग ती मधे बशीसारखी तरंगते, एका बाजूने उचलली जाते आणि चादरीचा जो भाग अजून तिला चिकटलेला आहे तो साल निघावी तसा तिच्याबरोबर वर येतो. वेलच्या कडेला पेशी शाबूत आणि मधेच चंद्रकोरीसारखी मोकळी जागा दिसली, तर ते रसायन नाही, ती ओढाताण आहे. प्लाझ्मिनने सुटलेल्या पेशी सुट्या-सुट्या किंवा लहान पुंजक्यांत तरंगतात. ओढलेली चादर सलग पापुद्र्यासारखी असते, कडा गुंडाळलेल्या. दर २० मिनिटांनी फोटो काढा, प्लेट इनक्युबेटरमधून उचलताना हिंदकळू देऊ नका, आणि पिपेट भिंतीला टेकवून सोडा.

पेट्रीबशी

दोघांचे आभार. फायब्रिनोजेन साधंच आहे, प्लाझ्मिनोजेन काढलेलं नाही. आर्जिनिनचा कंट्रोल नव्हता. फोटोंत दोन्ही प्रकार दिसताहेत: मधे पापुद्रा आणि इतरत्र सुट्या पेशी.

एक शंका. ह्यूवेक पीएआय-१ (टीपीएला निष्क्रिय करणारं प्रथिन) भरपूर सोडतात. मग घातलेलं टीपीए त्यातच खर्च होत नसेल का?

फायब्रिनकर

तुमच्या मात्रेला नाही. २० मायक्रोग्रॅम/मिलि टीपीए म्हणजे ३०० नॅनोमोलरच्या जवळपास. सुटलेलं बरंचसं पीएआय-१ ३७ अंशावर तासा-दोन तासांच्या अर्धायुष्याने निष्क्रिय रूपात जातं, त्यामुळे कालच्या माध्यमात मोजलेलं पीएआय-१ आणि काम करणारं पीएआय-१ हे दोन वेगळे आकडे असतात. पण टीपीए ०.१ मायक्रोग्रॅमवर आणलंत, म्हणजे १.५ नॅनोमोलर, तर मात्र पीएआय-१ त्याला गिळून टाकेल आणि गुठळी ढिम्म हलणार नाही. अशा कमी मात्रेला टेनेक्टेप्लेज वेगळं वागेल, कारण त्यात २९६ ते २९९ या जागेची चार अमिनो आम्लं बदलून चार अॅलनिन टाकलेली आहेत आणि पीएआय-१ ची पकड तिथेच असते.

टीपीएचा स्वतःचा, प्लाझ्मिनखेरीजचा परिणाम शोधायचा असेल तर सेरिन ४७८ च्या जागी अॅलनिन असलेलं निष्क्रिय टीपीए मिळतं. ते कापत नाही पण एलआरपी-१ सारख्या रिसेप्टरवर बसतं. ह्यूवेकपेक्षा मेंदूच्या अस्तरपेशींमध्ये हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

रात्रपाळी

(३) बद्दल, आणि थोडं बशीबाहेरचं.

मेंदूच्या झटक्यात अल्टेप्लेज ०.९ मिग्रॅ/किलो, जास्तीत जास्त ९० मिग्रॅ. त्यातले १०% एका मिनिटात, बाकी ६० मिनिटांत. ७० किलोच्या माणसाला एकूण ६३ मिग्रॅ, त्यातले ५६.७ तासाभरात, म्हणजे मिनिटाला ०.९५ मिग्रॅ. अल्टेप्लेज रक्तातून मिनिटाला ३८० ते ५७० मिलि या वेगाने साफ होतं. भागाकार करा: १.७ ते २.५ मायक्रोग्रॅम/मिलि. तुमचे २० हे त्याच्या जवळपास दहापट. अर्धायुष्य ५ मिनिटांच्या आसपास, त्यामुळे ठिबक थांबल्यावर अर्ध्या तासात फारसं उरत नाही. तुमच्या बशीत ते चार तास तसंच आहे. मात्रा दहापट आणि वर चौपट वेळ. मी असतो तर १, २ आणि ५ मायक्रोग्रॅम घेऊन तासाभराने माध्यम बदललं असतं. २० चा एक वेल ठेवा, पण त्याला 'रुग्णातली मात्रा' म्हणू नका.

आता शरीरात अस्तराला नक्की कुठे मार बसतो. लोक समजतात की गुठळीच्या खाली. हृदयाच्या झटक्यात गुठळी बसते तीच मुळी फाटलेल्या किंवा सोललेल्या प्लाकवर (धमनीच्या भिंतीतल्या चरबीच्या थरावर), तिथलं अस्तर आधीच गेलेलं असतं. खरी दुर्दशा पुढच्या बारीक केशवाहिन्यांची होते. रक्त थांबलं की अस्तरपेशी सुजतात, वरचा ग्लायकोकॅलिक्सचा थर गळतो. मग टेनेक्टेप्लेज देऊन (वजनाप्रमाणे ३० ते ५० मिग्रॅ, एकाच दमात) मोठी धमनी उघडली की ऑक्सिजनबरोबर न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) येतात, पी-सिलेक्टिन तर काही मिनिटांत पृष्ठभागावर आलेलं असतं, ते त्यांना पकडतं. वरून गुठळीचे फुटलेले कण खाली वाहत येतात. अँजिओग्राफीत धमनी उघडी आणि स्नायूत रक्त नाही, असं चित्र दिसतं. पाणी सोडलंय पण पाटाचे फाटे गाळाने भरलेत, तसं. यात टीपीएचा दोष थोडा आणि उशिराचा फार.

मेंदूत गणित बदलतं. तिथे अस्तर हीच रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत. १९९५ च्या एनआयएनडीएस चाचणीत ३ तासांच्या आत टीपीए दिलेल्यांपैकी ६.४% जणांना लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव झाला, औषध न मिळालेल्यांत ०.६%. तरीही तीन महिन्यांनी औषध मिळालेलेच जास्त सावरलेले होते, हे विसरू नका. रक्तस्रावामागे गोठण्याची ताकद कमी होणं हे एक कारण आहेच. दुसरं असं की तासन् तास उपाशी राहिलेल्या अस्तरावरून टीपीए आत झिरपतं, एलआरपी-१ मार्गे एमएमपी-९ वाढवतं आणि अस्तराखालचा पायाच पोखरला जातो. २००८ च्या एकास-३ चाचणीनंतर मुदत साडेचार तासांपर्यंत गेली, पण त्या मुदतीमागे मेंदूच्या पेशी किती टिकतात याबरोबर हे अस्तर किती टिकतं हाही हिशेब आहे. प्रयोगात हे आणायचं तर गुठळीआधी ४ तास १% ऑक्सिजन आणि ग्लुकोजविरहित माध्यम द्या. धडधाकट पेशींवर टीपीए टाकून मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल बोलता येणार नाही.

पायातल्या शिरांबद्दल एवढंच. तिथे आशा अशी होती की गुठळी लवकर विरघळवली तर अस्तर आणि झडपा वाचतील, आणि पुढे पाय सुजणं-काळवंडणं टळेल. २०१२ च्या कॅव्हेंट चाचणीत दोन वर्षांनी हा त्रास ५६ वरून ४१ टक्क्यांवर आला. २०१७ च्या अॅट्रॅक्टमध्ये मात्र ४७ विरुद्ध ४८, आणि पहिल्या दहा दिवसांत मोठा रक्तस्राव १.७ विरुद्ध ०.३ टक्के. शिरेतली गुठळी काही दिवसांत पांढऱ्या पेशींनी आणि तंतुपेशींनी भरायला लागते. तोवर ती नुसतं फायब्रिन राहिलेली नसते आणि टीपीएला फायब्रिनच कळतं. तुमची चार तासांची स्वच्छ गुठळी ही त्या आजाराची नक्कल नाही. तिच्यात प्लेटलेट नाहीत (त्या पीएआय-१ आणतात आणि गुठळी आवळतात), न्यूट्रोफिलांनी फेकलेलं डीएनए आणि हिस्टोनचं जाळं नाही. हिस्टोन अस्तरपेशींना थेट मारतात आणि त्या जाळ्याला टीपीए शिवतही नाही, त्याला डीएनेज लागतं.

स्ट्रेप्टोकायनेज (गुठळी विरघळवणारं दुसरं औषध) वापरायचा विचार मनात आला तर: ते स्वतः एन्झाइम नाही, मानवी प्लाझ्मिनोजेनशी जोडी जमली तरच काम करतं. गाईच्या प्लाझ्मिनोजेनशी त्याचं फारसं जमत नाही. गाईचं सीरम घातलेल्या बशीत 'स्ट्रेप्टोकायनेज निरुपद्रवी' असा निष्कर्ष निघतो तो यामुळे.

गाळणी

रात्रपाळी यांच्या ऑक्सिजनच्या मुद्द्याला +१. पण मला वाटतं त्याआधी प्रवाह आणावा. स्थिर बशीत सुटं प्लाझ्मिन जागच्या जागी साचतं, शरीरात ते वाहून जातं. पातळ चॅनेलच्या स्लाइडमध्ये २४ तास १० डाइन/चौ. सेंमी प्रवाह दिला की ह्यूवेक एका दिशेत लागतात, थ्रॉम्बोमॉड्युलिन (पेशीवरचं, थ्रॉम्बिनला धरणारं प्रथिन) वाढतं, आणि थ्रॉम्बिनला त्यांचं उत्तरच बदलतं.

फायब्रिनकर

प्रवाहाला विरोध नाही, क्रमाला आहे. चॅनेलमध्ये गुठळी बसवली की ती वाट अडवते. मग पंप दाब वाढवतो आणि पेशी ओढीने सुटतात की प्लाझ्मिनने, हा मूळ प्रश्न आणखी गढूळ होतो. आधी स्थिर बशीत चार गुन्हेगार (थ्रॉम्बिन, फायब्रिन, प्लाझ्मिन आणि ओढाताण) वेगळे करा. सुटं प्लाझ्मिन आवरायचं तर शुद्ध अल्फा-२-अँटिप्लाझ्मिन १ मायक्रोमोलर घाला. गुठळी विरघळायला जास्त वेळ लागेल, पण चादर टिकली तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. नुसतं मानवी सीरम घालून हे साधेल असं समजू नका, त्याच्यासोबत दुप्पट प्लाझ्मिनोजेनही येतं आणि टीपीएची मात्रा मोठी असेल तर पहारेकरी संपून चोर उरतात.

पेट्रीबशी

एका प्लेटचा आराखडा असा केला, प्रत्येकी ३ वेल: नुसत्या पेशी, आर्जिनिन, थ्रॉम्बिन आणि ३० मिनिटांनी हिरुडिन, गुठळी, गुठळी + टीपीए + प्लाझ्मिनोजेन, तेच + अॅप्रोटिनिन, गुठळीविना टीपीए + प्लाझ्मिनोजेन, बॅट्रॉक्सोबिनची गुठळी + टीपीए + प्लाझ्मिनोजेन. सगळीकडे ८०० मायक्रोलिटर, सगळीकडे आर्जिनिन (पहिले तीन वेल सोडून), टीपीए २ मायक्रोग्रॅम. अँटिप्लाझ्मिनची प्लेट वेगळी. काही सुटलंय का? आणि डी-डायमरसाठी (आडवे टाके पडलेलं फायब्रिन विरघळताना सुटणारा तुकडा) नमुना कधी घ्यावा?

गाळणी

आराखडा बरा आहे. २४ पैकी १६ वेल कडेला येतात, ८ आत. तुमच्या स्थिती आठच आहेत, तेव्हा प्रत्येकीला एक आतला आणि दोन कडेचे वेल द्या. कडेच्या वेलमधून पाणी जास्त उडतं. बॅट्रॉक्सोबिनच्या गुठळीचा जोडीदार म्हणून टीपीए नसलेली बॅट्रॉक्सोबिन गुठळी अँटिप्लाझ्मिनच्या प्लेटवर घ्या, इथे जागा नाही. आणि एका प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. निदान तीन वेगळ्या नाळा, तीन वेगळे दिवस.

गुठळी लावताना सगळ्या वेलचं मिश्रण एकदम करू नका. ०.५ युनिटलाही मिनिट-दोन मिनिटांत धरायला लागतं. तीन वेलपुरतं बर्फावर मिसळा, १५ सेकंदांत सोडा, मग पुढचे तीन. पिपेटच्या टोकात दोरा आला की ते मिश्रण फेकून द्या, त्या वेलमधली गुठळी गुठळ्यांची होते.

डी-डायमरसाठी ०, ३०, ६०, १२० आणि २४० मिनिटांना ५० मायक्रोलिटर वरचं माध्यम काढा, जेवढं काढलं तेवढं परत भरा. नळीत आधीच अॅप्रोटिनिन ठेवलेलं हवं, शेवटचं प्रमाण ५०० केआययू/मिलि येईल असं, आणि नळी बर्फावर. नाहीतर नळीतही कापाकापी चालूच राहते आणि सगळ्यात उशिरा मोजलेला नमुना सगळ्यात जास्त विरघळलेला दिसतो. बॅट्रॉक्सोबिनच्या वेलमध्ये डी-डायमर जवळपास शून्य येईल. आडवे टाकेच नसतील तर डी-डायमर बनणार कुठून. तिथे विरघळणं गढूळपणावरून, ४०५ नॅनोमीटरला मोजा, आणि त्या वाचनासाठी पेशी नसलेली वेगळी प्लेट लावा.

पेट्रीबशी

पेशी नसलेल्या प्लेटवर जिलेटिन लावायचं की नाही?

गाळणी

लावा. गुठळी नुसत्या प्लास्टिकला वेगळी धरते आणि जिलेटिनला वेगळी.